चिठ्ठी, पत्ता आणि बिल

औषध चुकलं तरी कोर्टात काही हाती लागत नाही, कारण डॉक्टरविरुद्ध डॉक्टर बोलत नाही. भुसावळात हे मत इतकं मुरलंय की पेशंट दगावला की घरचे लोक चिठ्ठ्या आणि गोळ्यांचे रिकामे पत्ते आधी फेकून देतात. हे मत अनुभवातून आलेलं आहे, ते हसण्यावारी नेऊन चालणार नाही. तरीही ते चूक आहे.

पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम दाखला मुंबईचा आहे. १९९१ मध्ये मूत्रपिंडं निकामी होत आलेल्या एका रुग्णाला नानावटी रुग्णालयात जंतुसंसर्गासाठी अमिकासिन दिलं गेलं आणि त्याची ऐकण्याची शक्ती गेली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दिलेली चार लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००९ मध्ये रद्द केली. वर असंही सांगितलं की डॉक्टरला नोटीस काढण्याआधी तज्ज्ञांचं मत घ्यावं. हाच तो मार्टिन डिसूझा खटला. ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांना याहून मोठा आधार कुठला?

पण त्यापुढचं वर्ष कुणी सांगत नाही. मार्च २०१० मध्ये किशन राव खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं की तज्ज्ञांबाबतची ती सूचना सरसकट बंधनकारक नाही, आणि प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाची साक्ष लागतेच असं नाही. हैदराबादच्या त्या प्रकरणात मलेरिया झालेल्या बाईवर टायफॉइडचे उपचार चालले होते आणि ती वाचली नाही. तिच्या नवऱ्याला जिल्हा मंचाने दिलेली भरपाई कायम झाली.

दोन्ही निकालांतला फरक नीट पाहायला हवा. अमिकासिनने कानांना इजा होऊ शकते हे माहीत असूनही जीव वाचवण्यासाठी ते दिलं गेलं. तो वैद्यकीय निर्णय होता, त्यावर दोन डॉक्टरांची दोन मतं पडू शकतात. पण संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी चिठ्ठीवर ‘रोज एक’ अशी लिहिली गेली, किंवा चिठ्ठीत एक औषध आणि पत्त्यावर दुसरंच, तर तिथे मतभेदाला जागा कुठे उरते? शस्त्रक्रियेत काय घडलं ते बंद दाराआड राहतं. औषधाची चूक मात्र कागदावर असते. त्या चुकीनेच इजा झाली हे दाखवावं लागतं, हे खरं, आणि प्रत्येक दुष्परिणाम म्हणजे चूक नव्हे. पण हलगर्जीपणाच्या सगळ्या तक्रारींत पुरावा जपायला सर्वांत सोपी तक्रार हीच आहे, आणि आपण नेमकी तीच सोडून देतो.

मेडिकलवाल्याचंही तसंच. ‘हेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ हे वाक्य जामनेर रोडवर रोज ऐकू येतं. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियम सांगतो की शेड्यूल एच, एच१ किंवा एक्समधलं औषध चिठ्ठीवर असेल तर त्याऐवजी दुसरं देता येत नाही, घटक तोच असला तरीही. दुकानदार अनेकदा अडलेल्या माणसाची सोय म्हणूनच बदलून देतो, हे मला मान्य आहे. पण डॉक्टरला एक फोन केल्याशिवाय ती सोय करू नये, आणि बिल न देता तर मुळीच नाही.

रेल्वेच्या गावात आणखी एक समज आहे: रेल्वे दवाखान्यात पैसे घेत नाहीत, मग भांडायचं कशाच्या जोरावर? १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने याचं उत्तर दिलं होतं. उपचार नोकरीच्या अटींचा भाग असतील तर ते फुकट धरले जात नाहीत. पुढे मध्य रेल्वेच्याच एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. भुसावळच्या गँगमनला आणि त्याच्या बायकोलाही ग्राहक म्हणून दाद मागता येते.

सर्वांना मोफत असलेल्या सरकारी रुग्णालयाला ग्राहक कायदा लागत नाही. तिथे दिवाणी दावा लावावा लागतो, आणि ‘फार उशीर होतो’ हा आक्षेप इथे मला खोडता येत नाही. औरंगाबादच्या सिव्हिलमध्ये १९६३ साली बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. सरकारला जबाबदार धरून ३६ हजारांची भरपाई कायम व्हायला १९९६ उजाडलं.

खासगी दवाखाना किंवा मेडिकलविरुद्ध तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, उपचार मुंबईत किंवा नाशकात झाले असले तरी, कारण २०१९ च्या ग्राहक कायद्याने तक्रारदार राहतो तिथला आयोग खुला केला आहे. दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. रुग्णालयाचे कागद लेखी मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवेत. तक्रारीची मुदत दोन वर्षं.