परदेशी पंतोजींची पहिली शाळा

बेळगावात 'बेनन-स्मिथ' या नावाची एक जुनी शाळा आहे. शहरातील कित्येक कुटुंबांच्या तीन-तीन, चार-चार पिढ्या तिच्या वर्गांतून शिकून गेल्या; पण हे बेनन कोण आणि स्मिथ कोण, असे कोणी विचारले तर फार थोड्यांना उत्तर देता येईल. हे दोघेही लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी. त्यांच्या धर्मप्रचाराचे मूल्यमापन हा आजच्या भाषणाचा विषय नव्हे. सातासमुद्रापलीकडून शिकविण्यासाठी आलेला मनुष्य या मुलखात रुळला कसा, आणि त्यासाठी त्याला प्रथम काय करावे लागले, एवढाच प्रश्न मी आज श्रोत्यांपुढे ठेवणार आहे.

१८१३ च्या सनदेने कंपनीच्या मुलखाचे दरवाजे मिशनऱ्यांना उघडले. त्याच वर्षी गॉर्डन हॉल आणि त्यांचे सहकारी मुंबईस उतरले व अमेरिकन मराठी मिशनचा प्रारंभ झाला. पुढे १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि तेथे लष्कराची छावणी पडली. दोनच वर्षांनी, म्हणजे १८२० मध्ये, जोसेफ टेलर हे बेळ्ळारीहून बेळगावास आले आणि लंडन मिशनचे ठाणे तेथे बसले. विल्यम बेनन मागाहून त्यांना येऊन मिळाले.

बेळगावात पाऊल टाकणाऱ्या नवख्या शिक्षकापुढे पहिलीच अडचण उभी राही ती ही, की शिकावयाचे कोणत्या भाषेत? पेठेत मराठी, आसपासच्या खेड्यांत कोठे मराठी तर कोठे कानडी, मुसलमान वस्तीत हिंदुस्तानी, आणि छावणीबरोबर मद्रासेकडून आलेल्या माणसांच्या तोंडी तमिळ! बेळ्ळारीत कानडी शिकून आलेल्या मनुष्यालाही येथे नव्याने पाटी हाती धरणे भाग होते. विलायतेत मिळविलेली विद्या येथे पहिली काही वर्षे गाठोड्यातच राहिली. शिकविण्यास आलेला मनुष्य प्रथम विद्यार्थी झाला, आणि त्याचा गुरू होता येथलाच एखादा पंतोजी अथवा शास्त्री.

हे शिक्षण सोपे नव्हते. 'ट' आणि 'त' यांतला भेद परक्या जिभेला साधत नसे. 'ळ' तर हटून बसे. नामांना तीन लिंगे, आणि त्यांचा निर्णय तर्काने होणारा नव्हे. छापील पुस्तके बालबोधीत, परंतु बाजारातल्या वह्या आणि कचेरीतले कागद मोडीत; म्हणजे एका भाषेसाठी दोन लिप्या. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. तोपर्यंत आलेल्यांना अशा मोठ्या कोशाचाही आधार नव्हता. शिवाय 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतले योग्य ते संबोधन निवडताना चूक झाली, तर ती व्याकरणाची न राहता अपमानाची होई.

या सर्वांहून सूक्ष्म अशी एक गोष्ट मराठीत आहे. ज्याच्याशी बोलावयाचे त्याला वगळून बोलायचे तर मराठी मनुष्य 'आम्ही' म्हणतो, आणि त्याला आपल्यात घेऊन बोलायचे तर 'आपण' म्हणतो. इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द आहे. तेव्हा शाळेत उभा राहिलेला परदेशी शिक्षक मुलांना 'आम्ही' म्हणतो की 'आपण', यावरून तो त्या गावाचा झाला की नाही हे ओळखता येत असले पाहिजे.

गावाचे होणे अवघडच होते. केपला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजाला कित्येक महिने लागत, आणि उतरल्यावर पटकी व ताप वाट पाहत असत. गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडील प्रवासात पटकीने वारले. तरीही पुढच्याच वर्षी सिंथिया फॅरर ही अविवाहित शिक्षिका अमेरिकेहून मुंबईस आली. ती पुढे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास गेली, मुलींच्या शाळा चालवीत राहिली आणि १८६२ मध्ये तेथेच तिचा अंत झाला. तिच्या शाळा पाहिल्यानंतर जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, हे सर्वश्रुत आहे.

निपाणीहून कागलमार्गे कोल्हापूर काही फार लांब नाही. तेथे १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी सपत्नीक आले. गावात विरोध झाला, आणि तो अकारण नव्हता. शाळेत मूल घालावे तर अक्षर मिळेल. पण त्यासोबत मूल धर्मालाही अंतरेल की काय, ही भीती आईबापांच्या मनात होती. उलट बाजूने वाइल्डरांचे वरिष्ठही प्रसन्न नव्हते. मिशनच्या शाळांतून शिकविणारे बरेच पंतोजी हिंदू होते. अशा शाळांवर खर्च का करावा, असा प्रश्न १८५४-५५ मध्ये अमेरिकेहून आलेल्या शिष्टमंडळाने उपस्थित केला आणि शाळांना कात्री लागली. वाइल्डर शाळांच्या बाजूने उभे राहिले. त्यापायी मंडळाशी त्यांचा संबंध तुटला. १८६१ मध्ये ते स्वतंत्रपणे कोल्हापुरास परतले, आणि १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळाने ते काम आपल्याकडे घेतले.

त्यांचा मुलगा रॉबर्ट याचा जन्म १८६३ मध्ये कोल्हापुरातच झाला. पुढे अमेरिकेत शिकत असताना, १८८६ च्या उन्हाळ्यात, मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थी-शिबिरात त्याने तरुणांना परदेशी सेवेसाठी आवाहन केले, आणि शंभर जणांनी आपली नावे दिली. 'विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ' या नावाने ती पुढे जगभर गाजली. पंचगंगेच्या काठी बाळपण घालविलेल्या मुलाच्या हाकेवर हजारो तरुण घरे सोडून परक्या देशी गेले, ही गोष्ट आपल्या इतिहासात सहसा सांगितली जात नाही.

या मंडळींचे सारेच गौरवास्पद होते, असे मात्र म्हणवणार नाही. आमच्या देवाधर्माविषयी त्यांनी जे लिहिले, त्यात अज्ञान होते आणि पुष्कळदा तुच्छताही होती. राज्यकर्त्यांची सावली त्यांच्या डोक्यावर होती. परंतु त्यांच्यातील जे येथे खरोखर रुजले, ते येथल्या पंतोजींपाशी नम्रपणे बसून शिकले म्हणून रुजले. त्या पंतोजींची नावे कोणत्याही शाळेच्या पाटीवर नाहीत. लोकांनीही विवेक दाखविला. बहुतेकांनी अक्षर घेतले, आणि धर्म आपलाच ठेवला.

१९०४ मध्ये लंडन मिशनने बेळगावचे काम मेथडिस्ट मिशनकडे सोपविले आणि तो अध्याय संपला. पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव-निपाणीचा प्रदेश तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. तो वाद अजून मिटलेला नाही. त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागो. पण घरी एक भाषा बोलणारे आणि कचेरीत दुसरी भाषा ऐकणारे मूल या भागात आजही वर्गात येऊन बसते. त्याच्यासमोर बदली होऊन आलेला शिक्षक मराठी असो की कानडी, त्याची स्थिती दोनशे वर्षांपूर्वीच्या टेलरसाहेबांहून फारशी निराळी नाही. त्या मुलाची भाषा आधी आपण शिकावी, मग त्याला आपली शिकवावी, एवढा धडा या जुन्या परदेशी पंतोजींकडून घेण्यास हरकत नसावी.