रक्तातली साखर अचानक कमी झाली तर? मधुमेही आणि घरच्यांनी शिकून घ्यायच्या गोष्टी

मधुमेह म्हटले की सगळ्यांचे लक्ष वाढलेल्या साखरेकडे असते. वाढलेली साखर शरीराचे नुकसान करते, पण ते बहुधा काही वर्षांत. कमी झालेली साखर मात्र काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करू शकते. सुदैवाने वेळीच ओळखली तर ती घरातल्या साखरेच्या डब्यानेच आटोक्यात येते.

साखर कमी झाली असे कधी म्हणायचे?

मधुमेहाचे औषध घेणाऱ्या व्यक्तीची साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की तिला 'हायपोग्लायसेमिया' म्हणतात. ५४ च्या खाली गेली तर ती गंभीर बाब समजावी.

हा धोका मुख्यतः इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना असतो. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्यांची साखर सहसा इतकी खाली जात नाही. आपल्या गोळ्यांमध्ये कोणते औषध आहे, हे डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा.

शरीर काय इशारा देते?

साखर उतरू लागली की शरीर ॲड्रेनलिन सोडते. त्यामुळे हात थरथरतात, दरदरून घाम येतो, छातीत धडधडते, कडकडून भूक लागते. साखर आणखी उतरली की मेंदूला इंधन कमी पडते. मग बोलणे अडखळते, नजर धूसर होते, माणूस विनाकारण चिडतो किंवा असंबद्ध बोलतो. घरच्यांना वाटते, राग आला आहे किंवा झोप झाली नाही. मधुमेही माणूस अचानक विचित्र वागू लागला तर आधी साखर तपासा.

रात्री झोपेत साखर उतरल्यास सकाळी डोके दुखते, उशी घामाने ओली असते, वाईट स्वप्ने पडतात.

लगेच काय करायचे?

१. शक्य असेल तर ग्लुकोमीटरवर तपासा. यंत्र जवळ नसेल तर थांबू नका, साखर कमी आहे असे समजूनच उपाय करा.

२. सुमारे १५ ग्रॅम साखर घ्या, म्हणजे ३ भरलेले लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा पेला पाण्यात विरघळवून. त्याऐवजी १५० मिली फळांचा रस किंवा साधे गोड कोल्ड्रिंक चालेल. 'डाएट' किंवा 'शुगर फ्री' चालणार नाही.

३. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. साखर ७० च्या खालीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा घ्या.

४. साखर वर आल्यावर जेवणाची वेळ जवळ असेल तर जेवा. नसेल तर पोळी, दूध-बिस्कीट असे काहीतरी खा.

पेढा, लाडू, चॉकलेट गोड असले तरी त्यातल्या तुपामुळे किंवा स्निग्धांशामुळे साखर रक्तात हळू पोचते. ते पहिला उपाय म्हणून वापरू नका. तुम्ही व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असाल तर नेहमीची साखर लवकर पचत नाही. तुमच्या खिशात ग्लुकोज पावडरच हवी.

माणूस बेशुद्ध असेल तर

तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कुशीवर वळवा आणि १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. मधुमेह असल्याचे आणि कोणती औषधे चालू आहेत ते सांगा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांमुळे उतरलेली साखर वर आल्यावरही काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून वयस्कर किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या रुग्णाला बरे वाटले तरी दवाखान्यात न्या.

साखर वर आली, आता कारण शोधा

बहुतेक जण साखर-पाणी पिऊन प्रसंग विसरून जातात. खरे शिकणे इथेच सुरू होते. एका वहीत तारीख, वेळ, साखरेचा आकडा आणि आधीच्या काही तासांत काय घडले ते लिहा. बहुधा कारण पुढीलपैकी एक असते:

- औषध घेतले, पण जेवायला उशीर झाला किंवा जेवण कमी झाले.
- संकष्टी, एकादशी, नवरात्राचा उपवास केला, पण औषधाचा डोस तोच ठेवला.
- नेहमीपेक्षा जास्त चालणे किंवा श्रम झाले. याचा परिणाम त्या रात्रीही दिसू शकतो.
- रिकाम्या पोटी मद्य घेतले.
- इन्सुलिन रोज एकाच जागी टोचल्याने तिथे गाठ झाली आहे आणि जागा बदलताच तोच डोस जास्त लागू पडला.
- मूत्रपिंडाचे काम मंदावल्याने औषध शरीरात जास्त वेळ टिकते.

तीन-चार नोंदींनंतर तुमचा स्वतःचा क्रम दिसू लागतो. ती वही डॉक्टरांना दाखवा. डोस कुठे बदलायचा हे त्यावरून ठरवता येते. उपवास करायचा असेल तर आधीच विचारा.

इशारे मिळेनासे झाले तर

वारंवार साखर उतरली की शरीर इशारे देणे कमी करते. काही जणांची साखर ५० वर असते, तरी ते म्हणतात, "मला काहीच होत नाही." हे चांगले लक्षण नाही. बीटा ब्लॉकर प्रकारच्या रक्तदाबाच्या गोळ्यांमुळेही थरथर, धडधड झाकली जाते; घाम मात्र येतो. अशांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे साखर उतरू न देण्याची काळजी घेतली तर इशारे बऱ्याचदा परत येतात.

रोजच्या सवयी

खिशात, पर्समध्ये आणि उशाशी ग्लुकोज ठेवा. गाडी चालवण्याआधी साखर तपासा. चालवताना त्रास जाणवला तर गाडी बाजूला घेऊन थांबा. शेजारी आणि ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्याला काय करायचे ते सांगून ठेवा.

साखर उतरण्याच्या भीतीने मनानेच इन्सुलिन किंवा गोळी बंद करू नका. महिन्यात दोनदा साखर उतरली, किंवा एकदाही दुसऱ्याच्या मदतीची गरज लागली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. विशेषतः वयस्कर रुग्णांसाठी साखरेचे लक्ष्य थोडे सैल ठेवणे बऱ्याचदा जास्त सुरक्षित असते.