इस्रायली शाळा आणि समाजमत

कोकणातून मुंबईस आलेल्या बेने इस्रायल समाजाची मायबोली मराठी. परंतु धर्मग्रंथांच्या हिब्रू भाषेचा परिचय होण्यास त्यास मिशनऱ्यांच्या शाळांचा मोठा आधार झाला. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली या समाजासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीतून सिद्ध केले. हे ऋण समाजाने नाकारले नाही. तथापि, परधर्मीयांच्या छत्राखाली शिकणारे मूल स्वधर्मात दृढ राहील काय, हा प्रश्न उरतोच. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर प्रभृतींनी मुंबईत काढलेली इस्रायली शाळा हे आमच्या मते त्याचेच उत्तर होय. तेथे इंग्रजीबरोबर हिब्रूही शिकवीत. १८९२ साली तिचे हायस्कूल झाले. पुढे सर एली कदुरी यांच्या देणगीमुळे तिला त्यांचे नाव मिळाले.

याच केहिमकरांनी १८९७ साली पूर्ण केलेल्या आपल्या समाजेतिहासात मिशनऱ्यांचे उपकार मोकळेपणाने मान्य केले, हे विशेष होय. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली व वर्गांत अन्यधर्मीय मुले अधिक झाली. म्हणून शाळा विफल ठरली काय? आम्हांस तसे वाटत नाही. ऋण मानूनही स्वत्व राखता येते, हा तिचा धडा परप्रांतांत मराठी शाळा चालविणाऱ्या आपणांस आजही मननीय आहे.