साडेसात लाखांची फौज

शाळेच्या इतिहासात ‘तैनाती फौज’ हे दोन शब्द येतात आणि वेलस्लीचे नाव पाठ करून मुले पुढे जातात. तैनात, फौज, करार, तनखा हे शब्द उर्दूच्या तासालाही भेटतात, म्हणून मी तिथे जरा थांबतो. मुलांना एकच प्रश्न विचारतो: या फौजेचा पगार कोण देत होते?

नागपूरचे उत्तर स्पष्ट आहे. दुसरे रघूजी भोसले हयात होते तोवर त्यांनी ही फौज घेतली नाही. १८०३ च्या देवगावच्या तहात कटक आणि वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड गेला, तरीही नाही. मार्च १८१६ मध्ये ते वारले. मुलगा परसोजी कारभार पेलण्याच्या स्थितीत नव्हता आणि दरबारात दोन तट पडले. पुतणे अप्पासाहेब यांना कारभारीपद टिकवायचे होते. रेसिडेंट जेंकिन्सशी बोलणी गुपचूप झाली आणि मे महिन्यात करार झाला. पायदळाच्या सहा पलटणी, घोडदळाची एक रेजिमेंट आणि थोडा तोफखाना, या सगळ्यासाठी वर्षाला साडेसात लाख रुपये. शिवाय तीन हजार स्वार आणि दोन हजार प्यादे भोसल्यांनी स्वतःच्या खर्चाने कंपनीच्या मदतीसाठी तयार ठेवायचे.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. गरज अप्पासाहेबांच्या गादीची होती, पैसा मात्र रयतेच्या सारापट्टीतून जाणार होता. घासाघीस झाली तरी ती रकमेवर होणार. फौज कोणाचा हुकूम ऐकणार, हा मुद्दा बोलण्यात नव्हताच.

दीड वर्षात त्याचा अनुभव आला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेबांचे सैन्य लढले ते याच फौजेशी. म्हणजे ज्यांच्या पगाराचा बोजा नागपूरच्या खजिन्यावर, त्यांच्याच बंदुका नागपूरवर. त्यानंतरही शहरातले अरब शिपाई डिसेंबरअखेर झुंजत राहिले. जुम्मा दरवाजावरचा हल्ला त्यांनी परतवला आणि सुखरूप जाऊ देण्याची अट मान्य झाल्यावरच शहर सोडले. आज त्या दरवाजाला गांधी गेट म्हणतात. अरबांची आठवण तिथून जाणाऱ्या किती जणांना येते, कोण जाणे.

जानेवारी १८१८ मध्ये हिशेबाची रीत बदलली. रोख रकमेऐवजी मुलूखच तोडून घेतला: नर्मदेपलीकडचा, गाविलगडाकडचा, सरगुजा, जशपूर. पुढे अप्पासाहेबांना काढून लहानग्या तिसऱ्या रघूजींना गादीवर बसवले आणि कारभार जेंकिन्सने हाती घेतला. १८२६ च्या तहात काही जिल्हे फौजेच्या खर्चासाठी राखून ठेवले. १८२९ मध्ये ते परत मिळाले, पण वर्षाला आठ लाख रुपये देण्याच्या बोलीवर. राज्य निम्म्याच्या आसपास उरले होते, रक्कम मात्र वाढली.

शेजारच्या वऱ्हाडातही हेच घडले, फक्त धनी निजाम होता. हैदराबाद कंटिंजंटच्या पगाराची थकबाकी वाढत गेली आणि १८५३ मध्ये वऱ्हाडच त्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेला. हिंदू भोसले असोत की मुसलमान निजाम, वसुलीच्या वहीत फरक नव्हता.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला तिसरे रघूजी वारले. दत्तक मानला गेला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. आठ लाखांचा प्रश्न मिटला, कारण आता सगळाच महसूल कंपनीचा होता. १८२१ पासून कन्हान नदीकाठी कामठीला वसलेली छावणी मात्र जिथल्या तिथे राहिली.