दहशतवादविरोधी युद्ध आणि अमेरिकेची जागतिक प्रतिमा

११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर अमेरिकेने स्वसंरक्षणार्थ योजलेल्या उपायांमुळे तो देश अधिक सुरक्षित झाला, की जगातील आपली पत गमावून बसला, याविषयी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेत आणि अमेरिकेबाहेर मोठा सार्वजनिक वाद झाला. परकीय जनतेचा विश्वास हा राष्ट्रीय संरक्षणाचाच एक घटक मानावा, की संरक्षणासाठी प्रसंगी गमावला तरी चालेल असा मानावा, हा या वादाचा गाभा होय. इराक युद्ध, ग्वांतानामो बे येथील बंदिशाळा आणि कैद्यांचा छळ ही त्यातील प्रमुख प्रकरणे आहेत.

पार्श्वभूमी

अल कायदाच्या १९ हस्तकांनी चार प्रवासी विमानांचे अपहरण करून केलेल्या हल्ल्यांत २,९७७ लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही काळ अमेरिकेला जगभरातून अभूतपूर्व सहानुभूती मिळाली. एका सदस्यावरील हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानणारे आपल्या करारातील पाचवे कलम लागू करण्याचा निर्णय नाटोने दुसऱ्याच दिवशी, स्थापनेनंतर प्रथमच घेतला. अमेरिकेशी राजनैतिक संबंध नसलेल्या इराणच्या राजधानीतही लोकांनी मेणबत्त्या लावून मृतांना श्रद्धांजली वाहिली.

१४ सप्टेंबर रोजी अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना लष्करी बळ वापरण्याचा अधिकार देणारा ठराव संमत केला. सिनेटमध्ये त्याच्या विरोधात एकही मत पडले नाही. प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ असे मतदान झाले. विरोधातील ते एकमेव मत कॅलिफोर्नियाच्या बार्बारा ली यांचे होते. या ठरावात ना कालमर्यादा होती ना भौगोलिक मर्यादा, आणि पुढील अनेक वर्षे राष्ट्राध्यक्षांनी निरनिराळ्या देशांतील कारवायांसाठी त्याचाच आधार घेतला.

इराक युद्ध

सप्टेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा धोरणात, धोका प्रत्यक्ष उभा ठाकण्यापूर्वीच प्रहार करण्याचा अधिकार अमेरिकेने स्वतःकडे घेतला. फ्रान्स आणि जर्मनी या मित्रराष्ट्रांनी इराकवरील स्वारीला उघड विरोध केला. १५ फेब्रुवारी २००३ रोजी जगातील शेकडो शहरांत लक्षावधी लोक निषेधासाठी रस्त्यावर उतरले. मार्चमध्ये स्वारी झाली. परंतु ज्या महासंहारक अस्त्रांच्या नावाने ती करण्यात आली, त्यांचे साठे सापडले नाहीत.

प्यू संशोधन केंद्राच्या सर्वेक्षणांत या काळातील घसरण स्पष्ट दिसते. इंडोनेशियात अमेरिकेविषयी अनुकूल मत असणाऱ्यांचे प्रमाण २००३ मध्ये १५ टक्क्यांवर आले. नाटोचा सदस्य असलेल्या तुर्कस्तानात ते २००७ मध्ये अवघे ९ टक्के होते.

ग्वांतानामो बे

क्युबातील ग्वांतानामो बे येथील नाविक तळ १९०३ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे. ही भूमी कायद्याने क्युबाची आणि ताब्याने अमेरिकेची असल्यामुळे तेथील कैद्यांना अमेरिकी न्यायालयांत दाद मागता येणार नाही, अशी सरकारची धारणा होती. ११ जानेवारी २००२ रोजी पहिले २० कैदी तेथे आणण्यात आले. आजवर सुमारे ७८० जणांना तेथे ठेवण्यात आले असून त्यांपैकी बहुतेकांवर कोणताही आरोप कधीच ठेवला गेला नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारची ही भूमिका टप्प्याटप्प्याने फेटाळली. २००४ मध्ये रसूल खटल्यात कैद्यांना न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार मान्य झाला. २००६ मध्ये हमदान खटल्यात लष्करी आयोगांची तत्कालीन रचना बेकायदा ठरली. २००८ मध्ये बूमेदीन खटल्यात, अटकेची वैधता तपासून घेण्याचा घटनात्मक अधिकार या कैद्यांनाही आहे, असा निकाल ५ विरुद्ध ४ मतांनी लागला. अमेरिकेच्या प्रतिमेविषयी बोलताना टीकाकार ग्वांतानामोचे नाव घेतात आणि समर्थक या निकालांचे. दोन्ही एकाच व्यवस्थेतून निर्माण झाले, ही गोष्ट वादाच्या भरात बहुधा मागे पडते.

राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी २२ जानेवारी २००९ रोजी बंदिशाळा वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. मात्र त्यांच्याच पक्षाचे बहुमत असलेल्या सिनेटने २० मे रोजी ९० विरुद्ध ६ मतांनी त्यासाठीचा निधी नाकारला. कैद्यांना अमेरिकेतील तुरुंगांत आणण्यास मतदारांचा विरोध होता. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये या विषयावर लागोपाठ दोन भाषणे झाली. ग्वांतानामोमध्ये जितके दहशतवादी डांबले गेले त्याहून अधिक त्या बंदिशाळेमुळे निर्माण झाले असावेत, असा युक्तिवाद ओबामांनी केला. माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी तो धुडकावला. कठोर चौकशीमुळे हजारो निरपराधांचे प्राण वाचले, आणि दहशतवाद्यांच्या द्वेषाचा दोष अमेरिकेच्या माथी मारणे चुकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

जानेवारी २०२५ मध्ये तेथे १५ कैदी उरले होते. हल्ल्यांचा सूत्रधार मानला जाणारा खालिद शेख मोहम्मद त्यांपैकी एक आहे. छळातून मिळालेला पुरावा ग्राह्य धरावा की नाही, या प्रश्नात अडकल्याने हल्ल्यांना वीस वर्षे उलटल्यावरही त्याच्यावरील खटला प्रत्यक्ष सुनावणीपर्यंत पोहोचू शकला नव्हता.

छळाचा प्रश्न

एप्रिल २००४ मध्ये बगदादजवळील अबू गरीब तुरुंगातील कैद्यांच्या विटंबनेची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या प्रतिमेवर सर्वांत खोल घाव या छायाचित्रांनी घातला. व्हिएतनाममध्ये स्वतः युद्धकैदी म्हणून छळ सोसलेले रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी अशा वागणुकीस मनाई करणारी दुरुस्ती मांडली. प्रश्न शत्रू कसा आहे याचा नसून आपण कोण आहोत याचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. ही दुरुस्ती ऑक्टोबर २००५ मध्ये सिनेटने ९० विरुद्ध ९ मतांनी स्वीकारली.

डिसेंबर २०१४ मध्ये सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने सीआयएच्या गुप्त तुरुंगांविषयीच्या अहवालाचा सारांश प्रसिद्ध केला. त्यानुसार किमान ११९ जण या तुरुंगांत होते आणि खालिद शेख मोहम्मदवर पाण्याने श्वास कोंडण्याचा प्रयोग १८३ वेळा करण्यात आला. अशा चौकशीतून अन्य मार्गांनी न मिळणारी माहिती हाती लागली नाही, हा समितीचा निष्कर्ष सीआयएने आणि समितीतील रिपब्लिकन सदस्यांनी अमान्य केला.

प्रतिमा सुधारण्याचे प्रयत्न

२००१ मध्ये परराष्ट्र खात्याने जाहिरात क्षेत्रातील शार्लट बीअर्स यांच्याकडे लोकराजनयाची जबाबदारी सोपवली. अमेरिकेतील मुस्लिमांचे सुखी जीवन दाखवणाऱ्या त्यांच्या जाहिराती फारशा प्रभावी ठरल्या नाहीत. त्यातील जीवन खोटे नव्हते, पण प्रेक्षकांची तक्रार त्या जीवनाविषयी नव्हतीच. संरक्षण खात्याच्याच सल्लागार मंडळाने २००४ मध्ये, मुस्लिम जगताचा रोष अमेरिकी स्वातंत्र्यावर नसून अमेरिकी धोरणांवर आहे, असे नमूद केले. २००४ च्या त्सुनामीनंतर अमेरिकी नौदलाने मदतकार्य केले, तेव्हा इंडोनेशियातील अनुकूल मत २००५ मध्ये ३८ टक्क्यांपर्यंत वाढले.

लष्करी बळाखेरीज आकर्षणाच्या जोरावर मिळणाऱ्या सत्तेला ‘सॉफ्ट पॉवर’ ही संज्ञा देणारे जोसेफ नाय यांच्या मांडणीला या काळात विशेष महत्त्व आले. त्याउलट रॉबर्ट केगन यांच्या मते युरोपची नाराजी ही दुबळ्यांची नाराजी होती आणि तिचे मूळ अमेरिकेच्या वर्तनापेक्षा दोघांच्या बळातील तफावतीत होते. विशेष म्हणजे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनीही ऑक्टोबर २००३ मधील एका अंतर्गत टिपणात, जितके दहशतवादी मारले वा पकडले जातात त्याहून अधिक रोज नव्याने भरती होत आहेत काय, असा प्रश्न विचारला होता आणि हे मोजण्याचे साधन आपल्याकडे नसल्याचे मान्य केले होते.

भारतातील पडसाद

लोकसभेने एप्रिल २००३ मध्ये इराकवरील स्वारीविरुद्ध एकमताने ठराव केला आणि जुलैमध्ये केंद्र सरकारने इराकमध्ये सैन्य पाठविण्याची अमेरिकेची विनंती नाकारली. तरीही भारतातील जनमत अन्य अनेक देशांपेक्षा वेगळे राहिले. २००५ च्या सर्वेक्षणात ७१ टक्के भारतीयांचे मत अमेरिकेस अनुकूल होते.

२००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर भारतातील टीकेचा रोख बदलला. या हल्ल्यात मृत्युमुखी पडलेल्या १६६ जणांत सहा अमेरिकी नागरिक होते. हल्ल्यासाठी टेहळणी करणारा डेव्हिड हेडली हा अमेरिकी नागरिक आणि तेथील अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा पूर्वीचा खबऱ्या निघाला. गुन्ह्याची कबुली देताना झालेल्या करारानुसार त्याला भारताच्या स्वाधीन न करण्याची हमी मिळाली आणि जानेवारी २०१३ मध्ये शिकागोच्या न्यायालयाने त्याला ३५ वर्षांची शिक्षा सुनावली. दहशतवादाविरुद्ध जागतिक लढ्याचे आवाहन करणारी महासत्ता स्वतःच्या खबऱ्याला मात्र पाठीशी घालते, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये हेडलीने दूरदृश्य प्रणालीद्वारे मुंबईतील न्यायालयात साक्ष दिली. त्याचा साथीदार तहव्वूर राणा याला अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या ताब्यात दिले.