अपिलात निघालेला नवा मुद्दा
बिहारमधल्या मुंगेरच्या कोर्टात साडेबारा एकर जमिनीचा एक दावा लागला. वादींनी दाव्याची किंमत लावली २,९५० रुपये. दावा फेटाळला गेला, जिल्हा न्यायालयातले अपीलही गेले. मग वादी दुसरे अपील घेऊन पाटणा उच्च न्यायालयात आले. तिथे कोर्ट फी कमी भरल्याची हरकत निघाली आणि दाव्याची खरी किंमत ९,९८० रुपये ठरली. वादींनी राहिलेली फी भरली आणि नवाच मुद्दा काढला. किंमत ५,००० च्या वर असेल, तर पहिले अपीलही उच्च न्यायालयातच चालायला हवे होते. सबब जिल्हा न्यायालयाचा निकाल रद्दबातल!

कमी किंमत लावली होती ती त्यांनीच.

‘किरण सिंग विरुद्ध चमन पासवान’ या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५४ च्या निकालात न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी तत्त्व ठामपणे मांडले: अधिकारच नसलेल्या कोर्टाचा हुकूमनामा पोकळ असतो आणि ही हरकत कधीही, अगदी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या दरखास्तीतही घेता येते. पण किंमत लावण्यातल्या चुकीसाठी १८८७ च्या दावा मूल्यांकन कायद्यात वेगळी तरतूद होती. त्या चुकीमुळे प्रकरणाच्या मूळ निर्णयालाच बाध आला असेल, तरच वरच्या कोर्टाने हात घालावा. तसे काही घडले नव्हते. वादी हरले, आणि ते योग्यच झाले.

अपिलात निघालेल्या नव्या मुद्द्याबाबतच्या सावधगिरीची मुळे लंडनमध्ये आहेत. १८९० साली ‘टास्मानिया’ या जहाजाच्या टकरीच्या खटल्यात न्यायाधीश लॉर्ड हर्शेल यांनी बजावले की अपिलात प्रथमच आलेला मुद्दा अतिशय कसून तपासावा. साक्षीदार पिंजऱ्यात उभा असताना ज्याबद्दल त्याला विचारलेच नाही, त्यावरून त्याला नंतर दोषी कसे धरायचे? त्याच्याकडे समाधानकारक खुलासा असूही शकतो. अपिलातल्या नव्या मुद्द्यांबाबतचा खरा प्रश्न हाच आहे, नुसत्या उशिराचा नव्हे.

दोनच वर्षांनी, कॅनडातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या शेवटच्या अपील कोर्टाकडे आलेल्या एका विमा कंपनीच्या अपिलात लॉर्ड वॉटसन यांनी दुसरी बाजू मांडली. मुद्दा निव्वळ कायद्याचा असेल आणि त्यामागची वस्तुस्थिती कबूल किंवा निर्विवाद सिद्ध असेल, तर शेवटच्या कोर्टानेही तो ऐकणे न्यायाच्या हिताचे ठरते. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच वचन डिसेंबर १९५० मध्ये उचलले, तेही यशवंत देवराव देशमुख आणि वालचंद रामचंद कोठारी यांच्यातल्या, दरखास्तीच्या मुदतीवरून पेटलेल्या वादात.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने या दोन्ही बाजू सांभाळल्या. अपिलाच्या अर्जात नसलेला मुद्दा कोर्टाच्या परवानगीशिवाय मांडता येत नाही. दावा चुकीच्या गावच्या कोर्टात लावला, ही हरकत सुरुवातीलाच घ्यावी लागते. उलट मुदत संपून गेली असेल, तर प्रतिवादीने चकार शब्द काढला नाही तरी कोर्टाने स्वतःहून दावा फेटाळायचा असतो, असे मुदत कायदा सांगतो.

१९७६ च्या दुरुस्तीने दुसऱ्या अपिलाची वाट आणखी अरुंद केली. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्याशिवाय उच्च न्यायालय ते दाखल करून घेत नाही आणि तो प्रश्न आधी शब्दांत मांडावा लागतो. मात्र सुनावणीत तसाच दुसरा प्रश्न पुढे आला, तर कारणे नोंदवून त्यावरही अपील ऐकण्याची मुभा त्याच दुरुस्तीत ठेवलेली आहे.