सायकलचा बिल्ला

मागच्या महिन्यात चष्म्याची काच बदलायला एका मोठ्या इमारतीत गेलो होतो. खाली पार्किंगच्या तोंडाशी दरांचा फलक होता. चारचाकीचा दर होता, दुचाकीचा दर होता. मी सायकलवरून उतरलो, तसा तिथला मुलगा म्हणाला, "काका, सायकल नाही चालणार." म्हटलं, चाकं दोनच आहेत, दुचाकीचे पैसे देतो. मुलगा भांडखोर नव्हता. त्याने हातातलं यंत्रच माझ्यापुढे धरलं. "गाडीचा नंबर टाकल्याशिवाय पावती निघत नाही. तुमच्या सायकलला नंबर कुठाय?"

नंबर नव्हता. मग सायकल समोरच्या विजेच्या खांबाला साखळीने बांधली आणि वर गेलो. परत येतो तर कोणीतरी मागच्या चाकाची हवा सोडून ठेवलेली. माझ्या पिशवीत छोटा पंप असतो, म्हणून चालत घरी यावं लागलं नाही.

घरी आल्यावर पलंगाखालची पेटी ओढली. सायकल स्वतः दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरात अशी एक पेटी असते आणि घरातल्या बाकीच्यांना ती भंगारात घालायची असते. त्यात जुने कॉटर, डबीभर छर्रे, अर्धी चेन, दोन डायनामो, कुठल्याच नटाला न बसणारे पान्हे. तळाशी अब्बांच्या सायकलचा बिल्ला आहे. पितळेचा, वर एक भोक, मधोमध महापालिकेचं नाव, साल आणि नंबर ठोकलेला. म्हणजे एके काळी आमच्याही सायकलला नंबर होता. तो कधी आणि कसा गेला, याचा विचार करता करता हा लेख झाला.

आजच्या मुलांना हे सांगितलं तर खोटं वाटतं, पण पुण्यात सायकल ठेवायची तर कर भरावा लागे. करदात्याला हा बिल्ला मिळे आणि तो सायकलवर दिसेल असा लावावा लागे. चौकात तपासणी होई. बिल्ला नसला तर दंड, अंधार पडल्यावर दिवा नसला तर दंड, डबलसीट सापडलात तर दंड. अब्बा सांगायचे, चौक जवळ आला की मागे बसलेला दोस्त टुणकन उतरायचा, साळसूदपणे चालत चौक ओलांडायचा आणि पुढच्या वळणावर पुन्हा कॅरियरवर बसायचा. पोलिसालाही ते माहीत असायचं.

हा कर कुणा अधिकाऱ्याच्या लहरीने लावलेला नव्हता. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात वाहनं, होड्या आणि जनावरं यांच्यावर कर बसवण्याची सोय होती. बैलगाडी, टांगा, होडी आणि माझ्या अब्बांची सायकल एका ओळीत. लोक या करावर वैतागलेले असत आणि ते बरोबरच होतं. शे-दीडशे रुपयांच्या पगारात घर चालवणाऱ्याला तो जाच होता. पण या बिल्ल्याला दुसरी बाजूही होती, आणि ती मला पार्किंगच्या दारात उभा असताना पहिल्यांदा दिसली. ज्याच्यावर कर बसतो, त्याची कुठल्या तरी वहीत नोंद असते. शहराला तो आहे हे माहीत असतं.

सायकल जन्मली तिथे तर ती फार जोरात मोजली गेली. १८१७ मध्ये जर्मनीतल्या कार्ल ड्राइसने पायाने जमीन रेटत चालवायचं दोन चाकी लाकडी यंत्र काढलं. १८८५ मध्ये इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्लीने मागच्या चाकाला चेन असलेली, दोन्ही चाकं जवळपास सारखी असलेली 'रोव्हर' सायकल बनवली. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच. पण चाकांना भरीव रबर होतं आणि रस्ते खडबडीत, त्यामुळे हाडं खिळखिळी व्हायची. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेलं टायर केलं आणि त्याचं पेटंट घेतलं. पेशाने गुरांचा डॉक्टर, हात मात्र कारागिराचे. आमच्यासारख्या पेटीवाल्यांना हा माणूस उगीच नातेवाईक वाटतो.

टायरने निम्मं काम केलं, उरलेलं निम्मं रस्त्याने करायचं होतं. १८८६ मध्येच इंग्लंडमधल्या सायकलस्वारांच्या संघटनांनी रस्ते सुधारणा मंडळ काढलं, पत्रकं छापली, रस्ते नीट करा म्हणून अधिकाऱ्यांच्या मागे लागले. त्याच साली जर्मनीत कार्ल बेंझने आपल्या मोटारीचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे मोटार पाळण्यात होती, तेव्हा गुळगुळीत रस्त्याची मागणी सायकलवाले करत होते. पुढे मोटार आली आणि त्याच रस्त्यावर हॉर्न वाजवून त्यांनाच बाजूला सारू लागली. मागून कर्कश हॉर्न वाजला की मला हे आठवतं. हॉर्नवाल्याला थांबवून सांगावंसंही वाटतं, पण तोवर तो पुढे गेलेला असतो.

डनलॉपने टायर केलं त्याच १८८८ साली आपल्याकडेही एक गोष्ट घडली. रंगांध असल्यामुळे चित्रकला सोडावी लागलेला लक्ष्मणराव किर्लोस्कर नावाचा तरुण मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवण्याच्या कामाला होता. त्याने भाऊ रामुअण्णांच्या साथीने बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामुअण्णा त्या विकायचे, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. पुढे नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला आले. कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी, हा पुढचा इतिहास मराठी माणसाला पाठ आहे. पण त्याच्या मुळाशी सायकलचं दुकान आहे हे आपण विसरतो. अमेरिकेतल्या राइट बंधूंचंही तसंच. १८९२ मध्ये डेटन गावात सायकलचं दुकान, १९०३ मध्ये विमान. सायकल हे असं यंत्र आहे की त्यात झाकलेलं काही नाही. चेन दिसते, दाते दिसतात, चाक उघडलं की छर्रे दिसतात. बघणाऱ्याला ती आपोआप शिकवते.

मला तिने आमच्या गल्लीतल्या चाचांच्या दुकानात शिकवलं. दुकान म्हणजे भिंतीला टेकवलेली एक फळी, एक पंप, पाण्याचं घमेलं, सोल्यूशनची ट्यूब आणि तेलकट पान्ह्यांचा डबा. या धंद्याला भांडवल लागत नव्हतं, जमीन लागत नव्हती, दाखला लागत नव्हता. म्हणून आमच्या मोहल्ल्यातल्या बऱ्याच मुलांच्या हातात पाटीच्या आधी पान्हा आला. ही अभिमानाची गोष्ट की दुःखाची, हे मला आजही ठरवता येत नाही. मी शाळा सुटल्यावर तिथे बसायचो. एकदा डाव्या पायाचं पेडल काढताना सगळा जोर लावला, तरी ते हलेना. चाचा हसत राहिले. मग म्हणाले, "बेटा, डाव्याचे आटे उलटे असतात." का, ते त्यांनी बोटांनी दाखवलं. पाय मारताना पेडलच्या दांड्यावर जो पीळ बसतो, तो डावीकडे सरळ आट्यांना हळूहळू सैल करत नेतो. म्हणून बनवणाऱ्याने आटेच उलटे पाडले. चाचांना वाचता येत नव्हतं, पण हे त्यांना हातांनी कळलं होतं.

सुटा भाग हवा असला की रविवार पेठेतली बोहरी आळी. जुना, मोडका, पण अस्सल भाग हवा असला की रविवारी किंवा बुधवारी जुना बाजार. बी.एस.ए. सायकलवर तीन बंदुकांचं चिन्ह का असतं, हे मला जुन्या बाजारात एका विक्रेत्याने सांगितलं. बर्मिंगहॅमची ती कंपनी मुळात बंदुका बनवणारी. बंदुकीच्या नळ्या करणाऱ्यांनी सायकलच्या नळ्या केल्या.

पुणं सायकलींचं शहर झालं ते अशा सायकलींवर. आधी रॅले, हर्क्युलिस, बी.एस.ए. या विलायती गाड्या. मग स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनीपत, आसनसोल, लुधियाना इथे कारखाने निघाले आणि सायकल कारकुनाच्या, कामगाराच्या आवाक्यात आली. शहर आटोपशीर होतं, बरंचसं सपाट होतं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. अब्बा सांगायचे, पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा आणि मोटारवाल्याला वाट बघत थांबावं लागायचं. त्या काळात रस्त्यावर संख्या आमची होती आणि वहीत नोंदही होती.

मग आलं १९७२. त्या साली बजाजची चेतक आली आणि फिरोदियांची लूनाही आली. लूना तर इंजिन बसवलेली सायकलच, पेडलसकट. गंमत अशी की सायकलींच्या शहरातून सायकल बाहेर काढणाऱ्या गाड्या याच भागातल्या उद्योजकांनी काढल्या, आणि आकुर्डीच्या कारखान्यात स्कूटर जोडायला कितीतरी कामगार सायकलवरून गेले असतील. यात कुणाला दोष देण्यासारखं नाही. शहर पिंपरी-चिंचवडपर्यंत पसरलं, अंतरं वाढली, दमलेल्या माणसाला इंजिन हवंसं वाटलं. चाचांनीही शेवटी कॉम्प्रेसर घेतला आणि स्कूटरची पंक्चर काढायला लागले.

याच प्रवासात कधीतरी बिल्ला गेला. कुणाला वाईट वाटलं नाही. अब्बांनी तो काढून पेटीत टाकला, एवढंच. पण त्याबरोबर एक गोष्ट घडली जी त्या वेळी कुणाच्या लक्षात आली नाही. मोटारवाहन कायद्याला सायकल वाहन वाटत नाही, कारण तिला इंजिन नाही. महापालिकेची नोंद बंद झाली. आता शहरात किती मोटारी, किती मोटारसायकली, हे परिवहन कार्यालय अचूक सांगतं, दरवर्षी ते आकडे छापून येतात आणि त्या आकड्यांकडे बोट दाखवून रस्ते रुंद होतात, उड्डाणपूल उभे राहतात. सायकलचा आकडाच नाही. जो हिशेबात नाही, त्याच्यासाठी जागा कोण सोडणार?

सायकलसाठी काहीच झालं नाही असं नाही. २००६ मध्ये बीआरटी आली तेव्हा तिच्या कडेने सायकलमार्ग केले. २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडाही मंजूर केला. पण त्या मार्गांवरून रोज जाऊन बघा. मध्येच खांब, मध्येच टपरी, उखडलेले ब्लॉक, उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल. मार्ग संपतो तिथे अर्धा फूट उंच कडा. हा मार्ग ज्याने केला तो त्यावरून सायकलने कधी गेला नसणार, हे पहिल्या शंभर फुटांत कळतं.

२०१७-१८ मध्ये भाड्याच्या रंगीत सायकली आल्या, त्याही काही काळाने दिसेनाशा झाल्या. त्या होत्या तोवर त्यांचे आकडे मात्र चोख होते, कारण प्रत्येकीला नंबर होता. मंडळी म्हणाली, बघा, लोक पुन्हा सायकलकडे वळले. त्याच रस्त्यावरून पहाटे पेपर टाकणारा पोरगा, रात्रपाळी करून परतणारा वॉचमन, डबा अडकवून बांधकामावर जाणारा मजूर, हे सायकल सोडून कुठे गेलेच नव्हते. पण ते वळले नाहीत आणि सरकले नाहीत, म्हणून कुणाला दिसले नाहीत. रविवारी हेल्मेट घालून सिंहगडाकडे जाणाऱ्यांचे फोटो येतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही, मीही कधी त्यांच्यात असतो. पण हौसेने सायकल चालवणारा गैरसोय झाली तर गाडी काढतो. नाइलाजाने चालवणाऱ्याला तोच खांब, तीच कडा, तोच हॉर्न रोज सोसावा लागतो.

कर परत लावा असं मी म्हणणार नाही. तो पुन्हा गरिबाच्याच खिशातून जाईल आणि चौकात पुन्हा त्यालाच अडवतील. पण मोजायला कर लागत नाही. सकाळी साडेपाच ते साडेसात चौकात एक माणूस वही घेऊन बसवला तरी पुरे. मी एकदा बसून पाहिलं. चहावाल्याने विचारलं, सर्व्हे का साहेब? कुणाचा? म्हटलं, माझाच. पहिलं पान भरायला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला.

अब्बांचा बिल्ला मी चिंचेने घासून लख्ख केला आणि हँडलच्या खाली दोन नटांनी बसवला. पुढच्या वेळी तो मुलगा नंबर विचारेल तेव्हा दाखवता येईल. त्याचं यंत्र हा नंबर घेणार नाही हे मला ठाऊक आहे. पण नंबर नाही असं तरी त्याला म्हणता येणार नाही.